रोह्याचे नाव त्या यादीत का होते?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. पहलगामच्या हत्याकांडाला जेमतेम पंधरवडा लोटला होता आणि त्याच दिवशी पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ची वार्ता येऊन थडकली होती. सरावासाठी महाराष्ट्रातील जी सोळा ठिकाणे निवडण्यात आली, त्यांत मुंबई, उरण व तारापूर पहिल्या वर्गात होती. दुसऱ्या वर्गात ठाणे, पुणे, नाशिक, पिंपरी-चिंचवड अशी मोठी नावे होती आणि त्यांच्याच पंक्तीला ‘रोहा-धाटाव-नागोठणे’ हे नाव होते. ते वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. रोहा म्हणजे कुंडलिकेच्या काठचे तालुक्याचे गाव. चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंगशास्त्री आठवले या थोर पुरुषांमुळे महाराष्ट्राला परिचित झालेले. तेथे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवण्याचे प्रयोजन काय?

हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने एकदा पेणहून रोह्यापर्यंतचा प्रवास डोळे उघडे ठेवून करावा. अंतर सुमारे चाळीस किलोमीटरचे. पेण सोडले की एका अंगाला धरमतरची खाडी आणि डोलवीचा पोलाद कारखाना, वडखळला अलिबागकडे जाणारा फाटा, पुढे नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, आणि रोह्याला लागूनच धाटावची रासायनिक वसाहत. मुंबई-गोवा महामार्ग आणि पनवेलहून येणारा लोहमार्ग याच पट्ट्यातून जातो. कोकण रेल्वेचा आरंभ रोह्यापासूनच होतो. म्हणजे मुंबईला दक्षिणेशी जोडणारी धमनी, पोलाद, वायू आणि रसायने हे सारे दोन तालुक्यांच्या चिंचोळ्या भूमीत एकवटले आहे, आणि पश्चिमेला हाकेच्या अंतरावर समुद्र आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला, तेव्हा तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यात कोणा शत्रूचा हात नव्हता. परंतु शत्रूने हात घातला तर काय होऊ शकते, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले होते. यादी करणाऱ्यांनी रोह्याचे नाव उगाच घातले नव्हते.

नाव यादीत आले, भोंगा वाजला, दिवे मालवले, वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. पुढे काय, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी शहरांमधील आधुनिक लढायांनी जगाला काय शिकवले, हे आधी पाहिले पाहिजे.

शहरातील युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे आणि कोसळणाऱ्या इमारती उभ्या राहतात. प्रत्यक्षात शहर हे रणगाड्याचे स्मशान ठरते. ३१ डिसेंबर १९९४ रोजी रशियन सैन्याने चेचन्याच्या ग्रोझ्नी या राजधानीत चिलखती वाहनांचे ताफे घातले. काही तासांत शहर हाती येईल, असा सेनापतींचा होरा होता. रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचलेली मैकोप ब्रिगेड तेथेच वेढली गेली आणि तिची धूळधाण उडाली. रणगाड्याची तोफ वरच्या मजल्यांइतकी उंच होत नाही आणि तळघराच्या खिडकीइतकी खाली वाकत नाही. चेचेन टोळ्यांनी नेमक्या याच दोन जागा धरल्या होत्या. रशियनांजवळ शहराचे धड नकाशेही नव्हते. उलट त्यांच्यावर गोळ्या झाडणारे अनेकजण त्याच शहरात वाढलेले, आणि कित्येकांनी सोव्हिएत सैन्यातच शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेले.

आपण रशियनांना हसू नये. त्याआधी सात वर्षे आपल्या जवानांनी जाफन्यात हीच किंमत मोजली होती. ११ व १२ ऑक्टोबर १९८७ च्या मध्यरात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून आपले पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तेराव्या पलटणीची एक तुकडी उतरवण्यात आली. तमिळ वाघांना आपले बिनतारी संदेश आधीच कळले होते आणि ते दबा धरून बसले होते. त्या तुकडीतील तीस जवानांपैकी एकोणतीस धारातीर्थी पडले, एक जिवंत पकडला गेला. वेढ्यात सापडलेल्या कमांडोंच्या सुटकेसाठी जे रणगाडे गेले, ते रस्त्यांनी गेले नाहीत. रस्ते सुरुंगांनी पेरलेले होते, म्हणून रेल्वेच्या रुळांवरून त्यांना पुढे नेण्यात आले. ही युक्ती ज्याला सुचली त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु ती सुचावी लागली, याचा अर्थ असा की कोणता रस्ता सुरक्षित आहे हे सांगणारा एकही माणूस आपल्या बाजूला नव्हता. शौर्यात आपण उणे नव्हतो. उणीव होती ती त्या गल्ल्यांच्या ओळखीची.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर दूर जायला नको. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवछत्रपतींनी लाल महालात शिरून शायिस्तेखानाची बोटे छाटली. त्या प्रसंगाच्या साहसाचे पोवाडे आपण तीन शतके ऐकत आलो. पण खान ज्या वास्तूत झोपला होता, तीत महाराजांचे बालपण गेले होते, ही साधी गोष्ट आपण क्वचितच ध्यानी घेतो. कोणती भिंत पोकळ, कोणती खिडकी बुजवलेली, मुदपाकखाना कुठे आणि माजघर कुठे, हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होते. भोवती प्रचंड मोगल छावणी होती, पण छावणीला घर माहीत नव्हते. आजच्या युद्धशास्त्रात ज्याला स्थानिक माहितीचे प्राबल्य म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे?

रायगड जिल्ह्याशी नाते असलेला आणखी एक धडा आहे, आणि तो जखमेवरची खपली काढणारा आहे. जनरल अरुणकुमार वैद्य यांचा जन्म अलिबागचा. १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्र मिळवणारा हा रणगाडा दलाचा सेनानी. मोकळ्या मैदानावरील युद्धात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. नियतीने मात्र ते सरसेनापती असताना लष्करावर अमृतसरमधील कारवाईची वेळ आणली. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिराच्या परिसरात, दाट वस्तीच्या मध्यभागी, रात्रीच्या अंधारात लष्कराला समोरून चढाई करावी लागली. जवानांची, भाविकांची आणि श्रद्धास्थानाची जी हानी झाली, तिचे व्रण अजून आहेत. पुढे मे १९८८ मध्ये त्याच परिसरात पुन्हा दहशतवादी घुसले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाने आणि पंजाब पोलिसांनी घाई केली नाही. वेढा घातला, वीज-पाणी तोडले, उंच जागांवर नेमबाज बसवले आणि वाट पाहिली. सुमारे दोनशेजण हात वर करून बाहेर आले. चार वर्षांत आपण काय शिकलो, हे त्या दोन कारवायांची तुलना केली की कळते. इमारत बदलली नव्हती. दुसऱ्या खेपेला तिची पुरती माहिती होती आणि संयम होता.

जनरल वैद्यांचा शेवट १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याच्या रस्त्यावर झाला. ते स्वतः मोटार चालवीत होते. मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. दोन युद्धांत शत्रूचे रणगाडे ज्याला अडवू शकले नाहीत, त्याला एका शांत शहराच्या वळणावर गाठण्यात आले. शहर हे रणांगण असते ते केवळ युद्ध जाहीर झाल्यावरच, या समजुतीतून आपण तेव्हा तरी बाहेर यायला हवे होते.

तसे आपण आलो नाही, हे २६ नोव्हेंबर २००८ ने दाखवून दिले. दहा माणसे, एक पळवलेली मासेमारी नौका आणि एक रबरी होडी. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी ते उतरले, तेव्हा तेथील कोळी बांधवांनी त्यांना हटकले होते. त्यानंतर सुमारे साठ तास मुंबई ओलीस राहिली आणि १६६ जणांचे प्राण गेले. या लढाईचा अभ्यास जगभरच्या लष्करी विद्यालयांत होतो. बहुतेक अभ्यासक राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंना दिल्लीहून पोहोचायला लागलेल्या वेळाविषयी लिहितात. ते खरेच आहे. विमान मिळण्यापासून मुंबईच्या वाहतुकीपर्यंत सारे अडथळे ओलांडून ते प्रत्यक्ष लढू लागले, तोवर सकाळ उजाडली होती. ताजच्या शेकडो खोल्या आणि जिने त्यांना परके होते. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह यांनी ज्या इमारतींत प्राण वेचले, त्या इमारती त्यांनी त्याआधी कधी पाहिल्याही नव्हत्या.

मग ती रात्र तगून धरली कोणी? छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे नावाचा उद्घोषक होता. समोर गोळीबार चाललेला दिसत असताना तो आपल्या कक्षातून ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कोणत्या वाटेने बाहेर पडायचे ते सांगत राहिला. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. स्थानकाची प्रत्येक वाट त्याला पाठ होती, एवढेच. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत उभे असलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याजवळ फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्या एका पकडीमुळे पाकिस्तानचा खोटेपणा जगापुढे उघडा पडला. राज्य शासनाने नेमलेल्या प्रधान समितीच्या चौकशीतून मात्र शीघ्र कृती दलाच्या पोलिसांना गोळीबाराच्या सरावासाठी पुरेशा गोळ्याही मिळत नव्हत्या, हे समोर आले. शहरातील लढाईचा पहिला तास ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांनाच आपण सर्वांत रिकाम्या हाताने उभे करतो.

पुढे मुंबईत सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र आले, राज्याचे ‘फोर्स वन’ उभे राहिले. हे योग्यच झाले. परंतु मुंबईहून ‘फोर्स वन’ रोह्याला पोहोचेपर्यंत किती वेळ लागेल? गणपतीच्या आदल्या आठवड्यात पेणच्या नाक्यावर ज्यांची गाडी अडकली आहे, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे.

आता १९९३ कडे वळू या. काळजाला घरे पाडणारी ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मारली गेली. त्यासाठी लागलेले आरडीएक्स आणि शस्त्रे रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उतरली. त्याआधी, ९ जानेवारीला, दिघीला एक माल उतरला होता. तो घेऊन निघालेल्या गाड्या म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. अडवल्या हे महत्त्वाचे. खबर होती, माणसे होती, रस्ता एकच होता. शहरातील युद्ध शहरात शिरण्याआधीच संपवण्याची याहून चांगली संधी कोणाला मिळते? तेथे सौदा झाला. रोख रक्कम हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या सोडल्या गेल्या. खटला चालला, काही पोलीस आणि कस्टम्सचे अधिकारी दोषी ठरले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रकरणात निकाल दिला. पण श्रीवर्धन-म्हसळ्याहून मुंबईकडे जाणारा नेहमीचा रस्ता माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण असाच आहे. आपल्या दारांवरून मृत्यू गेला आणि आपण झोपलो होतो, ही बोच या पट्ट्यातील प्रत्येक विचारी माणसाच्या मनात असली पाहिजे.

म्हणून लष्करी तज्ज्ञ ज्याला शहरी युद्ध म्हणतात, त्याचा निर्णय पुष्कळदा कमांडो येण्याच्या आधी, एखाद्या फाट्यावर, जेट्टीवर किंवा कारखान्याच्या फाटकाशी होऊन गेलेला असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे उभा असलेला माणूस कोण आहे आणि त्याला काय ठाऊक आहे, यावर सारे अवलंबून असते. तो माणूस पेणचा असेल, रोह्याचा असेल. तो सैनिक नसेल.

अलीकडच्या युद्धांनी या विचाराला आणखी धार आणली आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या मारियुपोल शहरात अझोवस्ताल नावाचा पोलाद कारखाना आठवडेच्या आठवडे किल्ल्यासारखा लढला. त्याच्या भुयारांत सैनिकांबरोबर बायका-मुलेही होती. कारखाना हा एकाच वेळी गड आणि सुरुंग असतो. त्यानंतरच्या काळात स्वस्त ड्रोनने तर आघाडी आणि पिछाडी हा भेदच पुसून टाकला. मे २०२५ मध्ये पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला, त्यात मृत्युमुखी पडलेले साधे नागरिक होते. जम्मूपासून पंजाब-गुजरातपर्यंत शत्रूचे ड्रोन घरांवरून फिरले. रोहा सीमेपासून दूर आहे खरे. परंतु समुद्रातल्या एखाद्या नौकेवरून सोडलेल्या ड्रोनला सीमा लागत नाही, आणि धाटावमधील एका रसायनाच्या टाकीला त्याचा स्पर्श पुरेसा आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, कायद्यात जे आहे ते पाळायचे. भोपाळनंतर आपण कायदे बदलले. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांनी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर संकट गट स्थापण्याचे आणि ठरावीक काळाने पूर्ण स्वरूपाचा सराव घेण्याचे बंधन घातले आहे. त्या गटांनी लोकांना माहिती द्यावी, असेही नियम सांगतो. वाचकांपैकी जे धाटाव-रोह्यात राहतात त्यांनी स्वतःलाच विचारावे : वायू सुटला तर वाऱ्याच्या कोणत्या दिशेला पळायचे, हे आपल्या घरात कोणाला सांगता येईल का? कुंडलिकेवरील पूल बंद झाला तर अष्टमीच्या बाजूची माणसे रुग्णालयात कोणत्या वाटेने जातील? शाळेतल्या मुलांना परत आणायला साऱ्या पालकांच्या दुचाक्या एकाच वेळी निघाल्या तर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब पुढे सरकणार कसा? भोंगा वाजवणे सोपे आहे. भोंगा वाजल्यावर घरात थांबायचे की घर सोडायचे, हे दोन वेगळ्या संकटांसाठी दोन वेगळे निर्णय आहेत. हवाई हल्ल्यात आडोशाला थांबणे शहाणपणाचे; जड वायू सुटला असताना तळघर हीच मृत्यूची जागा ठरू शकते. एकाच भोंग्याने हे दोन्ही कसे कळणार?

दुसरे असे की ज्ञान कोणाजवळ आहे ते हेरले पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. तिला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते, हा रोहेकरांचा मोठा अभिमानाचा विषय. पालखी गावातून गल्लोगल्ली फिरते, आणि कोणत्या वळणावर ती अडते, कोणत्या बोळातून गर्दी बाहेर काढायची, हे तिच्याबरोबर चालणाऱ्या तरुणांना तोंडपाठ असते. पेणमध्ये गणेशमूर्तींचे कारखानदार आहेत. हमरापूर-जोह्याच्या कार्यशाळांतून निघालेल्या लाखो नाजूक मूर्ती ऐन पावसात, खड्ड्यांतून, वेळेवर पोहोचवणाऱ्या या माणसांइतकी आडवाटांची माहिती कोणत्या सरकारी नकाशात असेल? खाडीवरचे आगरी-कोळी बांधव कोणती होडी आपली आणि कोणती परकी, हे शिडाच्या नुसत्या रंगावरून ओळखतात. सेवानिवृत्त जवान तर आपल्या कोकणात गावोगावी आहेत. ही सारी माणसे नागरी संरक्षण दलात आणि होमगार्डमध्ये रीतसर यावीत, त्यांची पोलीस ठाण्याशी ओळख असावी, कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांबरोबर त्यांनी वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष चालून यावे. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो, आणि तो घेण्याची सवय कार्यकर्त्यांना असते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याला लागू आहे. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरत असतानाची दृश्ये वाहिन्यांनी थेट दाखवली आणि दहशतवाद्यांचे पाकिस्तानातील सूत्रधार दूरध्वनीवरून त्यांना सूचना देत राहिले. २०१२ मध्ये कसाबचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. आज प्रत्येकाच्या खिशात वाहिनी आहे. मे २०२५ मधील त्या रात्री किती खोट्या विजयवार्ता फिरल्या, आणि त्या पुढे ढकलणाऱ्यांत आपल्यापैकी किती सज्जन होते? उत्साहात पाठवलेले एक छायाचित्र शत्रूला आपल्या बंदोबस्ताची जागा दाखवते. राष्ट्रप्रेमाची कसोटी अशा वेळी भ्रमणध्वनी खाली ठेवण्यात असते.

याचा अर्थ गप्प बसावे असा मात्र नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित शस्त्रधारी पाहिल्याचे सांगितले. नौदलापासून पोलिसांपर्यंत सारे शोधाला लागले, हाती काही आले नाही. त्यावर पुष्कळ विनोद झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली, तिच्यात तीन एके-४७ बंदुका निघाल्या. दहीहंडीच्या आदल्या दिवशी साऱ्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली. चौकशीअंती ती ओमानच्या बाजूच्या समुद्रात सोडून दिलेली आणि लाटांबरोबर वाहत आलेली निघाली. तेव्हाही काहींनी नाके मुरडली. आमच्या मते त्या शाळकरी मुलांनी जे केले, तेच १९९३ च्या जानेवारीत गोंडघर फाट्यावर व्हायला हवे होते : दिसले ते सांगितले, आणि सांगितल्यावर यंत्रणा हलली. पुढच्या सरावात भोंग्याबरोबर या गोष्टीचाही सराव व्हावा. रोह्याच्या पोलीस ठाण्यात एखाद्या कोळ्याने, कामगाराने वा विद्यार्थिनीने अवेळी दूरध्वनी केला, तर तो कोण उचलतो, काय विचारतो, आणि किती मिनिटांत धाटावच्या फाटकाशी, अष्टमीच्या पुलाशी आणि कोलाडच्या नाक्यावर माणूस उभा राहतो, हे घड्याळ लावून पाहिले जावे.